महाकालीच्या नावानं

चंद्रपूर

प्रिय बाबू,


बाळाचा ताप उतरेना म्हणून तू मांत्रिकाकडे गेलास, त्यानं मागच्या घरच्या काकीचं नाव घेतलं, आणि महाकालीचा अंगारा हातात घेऊन तू चारचौघांत म्हणालास, 'हिनंच करणी केली.' असं कानावर आलं. खरं आहे का हे? काकीला कुणी हात तर लावला नाही ना?

कोणाच्या नावानं बोललास तू! चैत्रात झरपट नदीत आंघोळ करून आपण जिच्या दर्शनाला जातो, तिचं देऊळ गोंड राणी हिराईनं बांधलं. नवरा बीरशहा गेल्यावर राज्य सांभाळलेली विधवा बाई ती. आणि तिथलाच अंगारा घेऊन तू एकट्या विधवेवर उठलास.

आबाजी रक्तबीजाची गोष्ट सांगायचे, आठवते ना? थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस. कालीनं जीभ पसरून थेंब वरच्यावर गिळले. संशय तसाच असतो, बाबू. तुझा एक शब्द खाली पडला, आता गावात किती उभे राहिले असतील? तसबिरीतल्या कालीच्या हातातलं मुंडकं आपल्या अहंकाराचं आहे, कोणा म्हातारीचं नव्हे. तिचा दुसरा हात अभय देतो, तो का दिसला नाही तुला?

जिवती तालुक्यात २०२१ मध्ये म्हाताऱ्या माणसांना याच संशयावरून भर चौकात बांधून मारहाण केली. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण कैदेच्या धाकानं मी लिहीत नाही. माझ्या लहानपणी गावात एका बाईला असंच ओढत नेलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी दारातून हललेही नाही. देवीपुढे हात जोडले की अजून तेच डोळे समोर येतात. काकीच्या बाबतीत तसं व्हायला नको रे.

फार बोलले. तापलेलं लेकरू मांडीवर असलं की बापाचं काळीज ठिकाणावर राहत नाही, हे मला कळतं. पण आपल्या जंगलपट्टीत ताप म्हणजे आधी हिवताप बघायचा. आशाताईकडून आजच्या आज बाळाचं रक्त तपासून घे. पैशाची काळजी करू नकोस, मी उद्या पहिल्या गाडीनं येते. बाळाला इथल्या डॉक्टरकडे आणू.

तोवर काकीच्या पाया पड, आणि आजची रात्र तिच्या ओसरीवर झोप. तू तिथं असलास तर कुणी तिच्या दाराशी येणार नाही.

तुझी,
मोठी आत्या