हरिद्रापरीक्षा : रंगाची गडदता आणि द्रव्याचे प्रमाण

जळगाव-धुळ्याच्या बाजारातून हळद घेताना प्रथम तिचा रंग पाहिला जातो. गर्द पिवळी ती उत्तम, हा समज ग्राहकांत आहे आणि आम्हा वैद्यांतही आहे. त्यात तथ्य किती, याचा येथे विचार करू.

माध्यमाचा एक थर निम्मा प्रकाश शोषून घेत असेल, तर तसाच दुसरा थर उरलेल्याचा निम्मा शोषतो; म्हणजे चतुर्थांश प्रकाश पार होतो. हा जाडीचा नियम बूगे (१७२९) व लँबर्ट (१७६०) यांनी मांडला. द्रावणाच्या संहतीचाही परिणाम असाच होतो, हे बीअर यांनी १८५२ मध्ये दाखविले. गणितासाठी ‘शोषणता’ हे माप वापरतात. दहावा भाग प्रकाश पार झाल्यास शोषणता १, शंभरावा भाग झाल्यास २. शोषणता ही संहती व जाडी या दोहोंच्या समप्रमाणात असते. एकच क्वाथ खोल पातेल्यात काळसर व काचनळीत फिकट दिसतो, तो जाडीमुळे.

उदाहरण घेऊ. १०० मिलिग्रॅम हरिद्राचूर्णाचा अर्क अल्कोहोलमध्ये पूर्णपणे उतरवून १०० मिलिलिटर केला, गाळला व दहापट पातळ केला. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, १ सेंटिमीटर जाडीच्या पात्रात, ४२५ नॅनोमीटरला शोषणता ०.४८२ आली. कर्क्युमिनच्या १ टक्का द्रावणासाठी हा अंक १६०७ धरतात. ०.४८२ ला १६०७ ने भागता ०.०००३ टक्के येतात; दहाने गुणता मूळ अर्कात ०.००३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम. अर्थात चूर्णात कर्क्युमिनवर्गीय द्रव्ये ३ टक्के. वाचन साधारण ०.२ ते ०.८ या दरम्यान येईल इतपतच अर्क पातळ करावा. गढूळ अर्काचे वाचन फसवे असते.

मात्र यंत्र शोषणता मोजते. ती कोणत्या द्रव्याची, हे सांगत नाही. मेटॅनिल यलो हा भेसळीचा रंगही याच भागातील प्रकाश शोषतो, त्यामुळे भेसळयुक्त हळद कागदावर सरस ठरू शकते. याउलट विषारी लेड क्रोमेट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही; ते चूर्णाला तेजस्वी पिवळेपणा देते, पण गाळलेल्या अर्कात उतरत नाही. एकाने यंत्र फसते, दुसऱ्याने डोळा.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी ओळख, मग मोजमाप. अर्कात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालता आलेला किरमिजी रंग पाणी घातल्यावरही टिकला, तर मेटॅनिल यलोचा संशय घ्यावा. शुद्ध हळदीचा लालसरपणा पाण्याने जातो. शिशासाठी प्रयोगशाळेतील स्वतंत्र तपासणीच हवी. शोषणतेचे यंत्र औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत असते. औषधालयचालकांनी प्रत्येक नव्या खेपेचा नमुना तेथे दाखविण्याची विनंती करावी. रुग्ण रंग नव्हे, द्रव्य सेवन करतो, याचे भान आम्ही सर्वांनी ठेवावे.