एकदा सेट करा, सगळ्यांना लागू: लिनक्समधली कॉमन शेल सेटिंग



डीटीपीचं दुकान असो की अकाउंटिंगचं छोटं ऑफिस, लायसन्सचा खर्च वाचवायला बरेच जण उबुंटू वापरतात. एकाच कॉम्प्युटरवर तीन-चार जणांची लॉगिन असतात. टर्मिनलमध्ये ‘आरएम’ कमांड दिली की फाईल ट्रॅशमध्ये जात नाही, थेट उडते. ती ग्राहकाची फाईल असेल तर? म्हणून डिलीट करण्याआधी कॉम्प्युटरने विचारायला हवं, आणि तेही प्रत्येकाला.

त्यासाठी प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये शिरायची गरज नाही. कॉमन सेटिंगच्या जागा तीन आहेत. तिन्ही ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये.

१. स्केल फोल्डर: नवीन कर्मचाऱ्याला पहिल्या दिवशी दिलेली फाईल समजा. नवीन युजर तयार होताना इथल्या फाईलींची कॉपी त्याच्या होम फोल्डरमध्ये जाते. जुन्या युजरना काहीच मिळत नाही. बरेच जण इथेच फसतात.

२. प्रोफाईल-डॉट-डी फोल्डर: हे लॉगिन करताना वाचलं जातं. पाथसारख्या व्हेरिएबलसाठी चांगलं. पण उबुंटूची टर्मिनल विंडो सहसा लॉगिन शेल नसते, त्यामुळे इथला एलियस तिथे पोहोचत नाही.

३. बॅश-डॉट-बॅशआरसी फाईल: हा भिंतीवरचा बोर्ड. जुना असो वा नवा, बॅश वापरणाऱ्याने टर्मिनल उघडलं की ही वाचली जाते. (फेडोरात हिचं नाव नुसतं बॅशआरसी.)

आपलं काम तिसऱ्या जागेचं. आधी फाईलची कॉपी काढा. मग ‘सुडो’ वापरून ती उघडा आणि शेवटी एक ओळ लिहा: ‘आरएम’ला ‘डॅश आय’ जोडणारा एलियस. स्पेलिंग व्हिडिओत बघून टाइप करा. सेव्ह करण्यापूर्वी दुसरं टर्मिनल उघडून ठेवा, कारण इथली चूकही सगळ्यांना लागू होते!

आता लक्षात ठेवा, हे कुलूप नाही, आठवण आहे. युजरची स्वतःची बॅशआरसी नंतर वाचली जाते, तिथे तो ही सेटिंग बदलू शकतो. ‘डॅश एफ’ दिलं तरी विचारणा होत नाही. म्हणून रोजच्या बॅकअपला पर्याय नाही.

आजचं काम: दोन वेगवेगळ्या लॉगिनमध्ये एकेक टेस्ट फाईल बनवा आणि ती त्याच लॉगिनमधून डिलीट करून बघा. दोन्हीकडे प्रश्न आला, तर सेटिंग जमली!