पिवळं दिसलं की सोनकी?

भाद्रपदात मळवलीहून लोहगडाकडे निघालं की उतार पिवळे झालेले असतात आणि बरोबरचं कुणीतरी म्हणतंच, "सोनकी!" बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मावळात सोनकीची, म्हणजे सेनेशिओ बॉम्बेएन्सिसची, एक सख्खी चुलत बहीण आहे: सेनेशिओ एजवर्थाय. गावात विचाराल तर दोघीही सोनकीच. त्यांना वेगळं काढताना मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो.

१. आधी कारळा बाजूला काढा. तोही पिवळा, पण त्याच्या फुलाखालची हिरवी दलं रुंद, पानासारखी असतात. सोनकीची अरुंद आणि एका ओळीत. शिवाय सोनकीचं बी म्हातारीसारखं उडतं. कारळ्याच्या बीला तंतूच नसतात.

२. फुलावरून वाद घालू नका, पान बघा. सोनकीचं पान अखंड, कडा दातेरी. एजवर्थायचं खालचं पान खोल कापलेलं असतं, आणि वरच्या पानांचा तळ दोन कान काढून खोडाला बिलगतो. एजवर्थायच्या खोडावर कोळिष्टकासारखी पांढरी लव असते, पण झाड जून झालं की ती विरळ होते. मग कानांवरच भरवसा.

३. पाकळ्या मोजू नका. जी पाकळी वाटते ते एक स्वतंत्र फूल असतं.

४. जुनी पुस्तकं वाचताना नाव तपासा. वनस्पतिशास्त्रज्ञ कुकच्या 'फ्लोरा'त, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींच्या ग्रंथात (१९०१–०८), सोनकी 'सेनेशिओ ग्रॅहमाय' म्हणून भेटते. जॉन ग्रॅहम मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी. मुंबई परिसरातल्या झाडांची यादी करता करता १८३९ मध्ये खंडाळ्यातच वारला. पुढे हेच नाव आधी दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेलं निघालं, म्हणून १९७० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बालकृष्णन यांनी 'बॉम्बेएन्सिस' केलं. नियम तो नियम. तरी हळहळ वाटतेच. फूल घाटावरचं, माणूस घाटावर गेलेला, आणि नाव मात्र मुंबईचं!

५. वरून काढलेला फुलाचा देखणा फोटो ओळख पटवायला बिनकामाचा. पान खोडाला जिथे जुळतं, तिथला एक फोटो घ्याच. आणि तो घेताना पायवाट सोडून फुलांत शिरू नका. सोनकी वर्षायू आहे. बी धरण्याआधी तुडवली गेली तर त्या झाडाचं पुढच्या वर्षासाठी काहीच उरत नाही.