हरण्या रोग आणि प्रमाणविचार

सत्य काय व असत्य काय, याचा निर्णय एकट्या विज्ञानाने होतो काय, असा प्रश्न तरुण वासनिक वारंवार विचारतात. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम रावेरच्या केळीच्या मळ्यात जाऊ.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर व यावल तालुक्यांत केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला. आपल्याकडे या रोगास हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे उमटतात, वाढ खुंटते, पोगा सडतो. कोणत्याही औषधाने रोपटे बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे लागते. विषाणू इतका सूक्ष्म, की एका मिलिमीटरमध्ये त्याचे तीस हजारांहून अधिक कण ओळीने मावतील. मावा ही कीड त्यास एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते.

यावरून काही प्रवचनकार म्हणतात, ‘पहा, जे दिसत नाही तेही असते; परमेश्वराचेही तसेच.’ हा युक्तिवाद आपण सोडून द्यावा हे बरे. न दिसणारा विषाणू शोधून काढला तो विज्ञानानेच. १८९२ साली इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूचा रस जिवाणूही अडकतील अशा गाळणीतून गाळला, तरी तो रस रोग पसरवीतच राहिला. शोध तेथून सुरू झाला. प्रपंचातील वस्तूंविषयी प्रयोगाचा निर्णय निःसंकोचपणे मानावा. तेथे शास्त्रवचनाची ओढाताण केल्याने वचनाचाच मान जातो.

आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न मानले आहेत. कार्यरूप प्रपंच अनित्य खरा, परंतु अनित्य म्हणजे मिथ्या नव्हे. ज्याचा बाग गेला त्याचे नुकसान खरेच झाले. त्यास ‘सर्व माया आहे’ असे सांगणे हे आपले तत्त्वज्ञान नव्हे, आणि माणुसकीही नव्हे.

मग विज्ञानाची मर्यादा कोठे येते? शेतकऱ्याने विषाणू स्वतः पाहिलेला नसतो. तपासणीचा अहवाल तो आप्तवाक्य म्हणूनच स्वीकारतो. यावर कोणी म्हणेल, की तो अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळता येतो. आक्षेप रास्त आहे, व शब्दप्रमाणाच्या अभिमान्यांनी तो विसरू नये. तथापि पडताळणाऱ्यानेही खरेच लिहिले पाहिजे. हे ‘पाहिजे’ कोणत्या यंत्रात दिसते?

बांधालगतची रोगट झाडे आज उपटली तर मालकाचे नुकसान होते. चार दिवस थांबल्यास मावा शेजाऱ्याच्या मळ्यात पोहोचतो. एवढे विज्ञान निश्चित सांगते. रोग कोणाकडून आला हे शेजाऱ्यास कधीही कळणार नसेल, तरीही ती झाडे आजच उपटावीत, हे मात्र ते सांगत नाही. तरी ते बंधन कल्पित आहे असे आपणांपैकी कोण म्हणेल? ते बंधन ओळखणारा व मोडल्यास दोषी ठरणारा जो जीव, तो मोजमापाचा विषय नव्हे. मोजणाराच तो आहे.

एवढ्यावरून परमेश्वर सिद्ध झाला, असे मात्र समजू नये. यंत्राच्या कक्षेबाहेरही सत्य आहे, इतकेच येथे ठरले. जीवास परमेश्वराचे ज्ञान कोणाकडून व कसे होते, हा विचार पुढील अंकी करू.