वर्षभराचा ऐतिहासिक कादंबरी वाचनसंकल्प : आपल्यासाठी आणि वर्गासाठी



शाळेत आपण मुलांसाठी वाचनाचे उपक्रम घेतो. वाचन तास, वाचन प्रेरणा दिन, वाचनकोपरा सगळं असतं. पण आपण स्वतः वर्षभरात किती पुस्तकं पूर्ण वाचतो? गेल्या शैक्षणिक वर्षात आमच्या केंद्रातल्या आम्ही सहा जणींनी एक संकल्प केला. जून ते मे, महिन्याला एक ऐतिहासिक कादंबरी वाचायची आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत त्यावर दहा मिनिटं बोलायचं. हा संकल्प कसा राबवायचा आणि त्याचा वर्गात काय उपयोग होतो, ते या लेखात पाहू.

ऐतिहासिक कादंबरी म्हणजे नेमकं काय?

घडून गेलेला काळ, त्या काळातली खरी माणसं किंवा प्रसंग घेऊन लेखकाने कल्पनेने रचलेली गोष्ट म्हणजे ऐतिहासिक कादंबरी. मराठीत ही परंपरा जुनी आहे. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची. ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. पुढे ह. ना. आपटे यांनी 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' लिहिल्या. मग नाथमाधव, गो. नी. दांडेकर, रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील अशी मोठी रांग आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा. 'मृत्युंजय' सुंदर आहे, पण ती महाभारतावरची, म्हणजे पौराणिक कादंबरी. या संकल्पात ती बसत नाही. आणि संशोधकाने लिहिलेला इतिहासग्रंथ म्हणजेही कादंबरी नव्हे. हा फरक आपल्याला स्पष्ट असेल तरच मुलांना सांगता येतो.

पुस्तकं कशी निवडाल?

आम्ही कॅलेंडर समोर ठेवलं. ज्या महिन्यात एखादा प्रसंग घडला, त्या महिन्यात त्यावरची कादंबरी घ्यायची. शाळेत दिनविशेष घ्यायचाच असतो, त्यामुळे दोन्ही कामं एकत्र होतात.

जून : 'श्रीमान योगी' (राज्याभिषेक ६ जून १६७४). पुस्तक जाडजूड आहे, म्हणून मेच्या सुट्टीतच सुरुवात करा.
ऑगस्ट : 'महानायक' (नेताजी सुभाषचंद्र बोस).
ऑक्टोबर : 'झुंज' (यशवंतराव होळकर, हडपसरची लढाई २५ ऑक्टोबर १८०२).
नोव्हेंबर : 'स्वामी' (थोरले माधवराव पेशवे, निधन १८ नोव्हेंबर १७७२).
जानेवारी : 'पानिपत' (१४ जानेवारी १७६१).
फेब्रुवारी : 'गड आला पण सिंह गेला' (४ फेब्रुवारी १६७०).
मार्च : 'छावा' (संभाजी महाराजांचे बलिदान ११ मार्च १६८९).
एप्रिल : 'राऊ' (पहिल्या बाजीरावांचे निधन २८ एप्रिल १७४०).

उरलेले महिने मोकळे ठेवा. ज्याला जे मिळेल ते त्याने वाचावं. परीक्षा आणि पेपर तपासणीच्या दिवसांत अर्धं पुस्तक झालं तरी चालतं. पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात यातली बरीचशी मिळतात.

एक वही, दोन रकाने, एक प्रश्न

संकल्पाचा खरा गाभा हा आहे. नुसतं वाचून पुस्तक मिटलं तर महिन्याभरात कादंबरी आणि इतिहास डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. म्हणून एक साधी शंभर पानी वही घ्या. डावीकडे 'कादंबरीत काय आहे' आणि उजवीकडे 'पुरावा काय आहे'. प्रत्येक पुस्तकातले फक्त पाच प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : हे कुणी पाहिलं आणि कुणी लिहून ठेवलं?

'स्वामी'चं उदाहरण घेऊ. १९६२ साली आलेली ही कादंबरी, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले, सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेले, रमाबाई सती गेल्या. हे सगळं उजव्या रकान्यात जातं, कारण त्याची नोंद आहे. पण माधवराव आणि रमाबाई एकांतात जे बोलतात, ते कुणी ऐकलं? तिथे तिसरं कुणीच नव्हतं. ते शब्द रणजित देसाईंचे आहेत. वाचताना आपले डोळे भरून येतात ते बहुतेक अशाच पानांवर. म्हणजे लेखकाने फसवलं असं नाही. त्याने त्याचं काम चोख केलं. कुठली ओळ नोंदीतली आणि कुठली कल्पनेतली, हे ओळखणं आपलं काम.

आता इनामदारांच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवा. 'झुंज'चा नायक यशवंतराव होळकर. त्यांनी हडपसरला शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. 'मंत्रावेगळा'चा नायक मात्र तोच पराभूत पेशवा, दुसरा बाजीराव. लेखक एकच, पण नायक बदलला की आपली माया कुणीकडे जाते तेही बदलतं. हे एकदा अनुभवलं की कुठलंही एकच पुस्तक वाचून कुणाला देव किंवा खलनायक ठरवायची घाई होत नाही. 'पानिपत' वाचून झाल्यावर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' चाळलंत तर कादंबरीकार आणि इतिहासकार एकाच रणांगणाकडे कसं वेगळं बघतात तेही दिसेल.

चौथीच्या वर्गात

चौथीच्या मुलांना तानाजी मालुसरे पाठ असतात. घोरपडीचा भाग सांगितला की वर्गात हमखास एक हात वर जातो, "बाई, घोरपडीला खरंच दोर बांधलेला?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळं होऊ नका. फळ्यावर लिहा :

तानाजी कोंढाणा घेताना पडले. याची नोंद आहे.
घोरपड. ती तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यात येते. सभासदाच्या बखरीत मावळे कडा चढून जातात, तिथे घोरपड नाही.
'सिंहगड' नाव तानाजींच्या मृत्यूनंतर पडलं. अभ्यासकांना हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रातही सापडलं आहे.

आता मुलांना विचारा, घोरपड काढून टाकली तर तानाजी लहान होतात का? आमच्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "उलट मोठे होतात बाई, दोराशिवाय चढले म्हणजे." हे उत्तर कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाही.

मुलांनाच लेखक करा

प्राथमिकच्या मुलांच्या हातात या कादंबऱ्या देऊ नका. लढाया, सती, छळ यांची वर्णनं त्यांच्या वयाची नाहीत, आणि पुस्तकांची जाडी बघूनच ती घाबरतील. निवडक दोन पानं आपण मोठ्याने वाचून दाखवावीत, बस्स. त्यांच्यासाठी वेगळा उपक्रम करता येतो.

घरातल्या आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारून यायचं. खडी फोडायला कुठे जायचात? सुकडी कशी लागायची? मिलोची भाकरी कशी व्हायची? पाणी कुठून आणायचात? मग त्यावर दहा ओळींची गोष्ट लिहायची. शेवटी आजीने सांगितलेल्या ओळीखाली निळी रेघ आणि स्वतः रचलेल्या ओळीखाली लाल रेघ मारायची.

एका मुलाने लिहिलं होतं, 'विहीर आटली तेव्हा आजी खूप रडली.' रेघ कुठली मारायची यावर तो अडला. "आजी रडली असं म्हणाली नाही बाई. पण ती बोलता बोलता गप्प झाली." त्याने बराच विचार केला आणि लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली निळ्या रेघेची नवी ओळ होती, 'हे सांगताना आजी गप्प झाली.' पुरावा आणि कल्पना यांतला फरक नऊ वर्षांच्या मुलाला कळला, तोही स्वतःच्या आजीकडून.

पालकांसाठी दोन शब्द

'राऊ'वरून २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला, 'छावा'वरून २०२५ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. मुलं असे चित्रपट बघतात, कधी भारावून तर कधी घाबरून घरी येतात आणि विचारतात, "हे असंच झालं होतं का?" तेव्हा "सगळं खरं आहे" म्हणू नका आणि "सगळं खोटं असतं" असंही म्हणू नका. "चल, शोधूया" म्हणा. आधी कादंबरी झाली, कादंबरीवरून चित्रपट झाला, म्हणजे खऱ्या प्रसंगावर दोनदा हात फिरला आहे, एवढं मुलांना सहज समजतं.

आज मोबाईलवर इतिहासाच्या नावाने रोज काहीतरी येतं, आणि त्यावरून मोठी माणसं भांडतात. ते सगळं आपण थांबवू शकत नाही. पण 'हे कुणी पाहिलं, कुणी लिहून ठेवलं?' असं विचारायची सवय आपल्या वर्गातल्या पंचवीस-तीस मुलांना नक्की लावू शकतो. त्यासाठी आधी ती आपल्याला लागायला हवी. बारा पुस्तकं आणि एक वही त्याला पुरेशी आहे.

आमच्या सहा जणींपैकी दोघींचीच बारा पुस्तकं पूर्ण झाली. बाकीच्यांची सात-आठ झाली. वह्या मात्र सहाही भरल्या. येत्या जूनमध्ये आपल्या शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्याला सोबत घेऊन सुरुवात करून बघा. एकट्याने वाचलं तर पुस्तक मागे पडतं, पण महिन्याच्या शेवटी कुणीतरी "मग काय वाचलंत?" असं विचारणार असेल, तर रात्री दहा पानं होतातच.