कोरीव लाकडास लाखेचें पॉलिश

मुंबईचें कोरीव शिसवी सामान १९ व्या शतकांत विलायतेंतही नांवाजलें. अशा नक्षीची शोभा लाखेच्या पातळ थरांनींच खुलते.

पळस, बोर व कुसुम या झाडांवरील सूक्ष्म कीटकांपासून लाख मिळते. एक लिटर स्पिरिटांत सुमारें १२५ ग्रॅम चपडी लाख विरघळवावी. कापडाचा बोळा उंच भागांवरच फिरतो. खांचांत मऊ कुंचला हवा, तोही निथळलेला. स्पिरिट खालचा थर विरघळवितें, म्हणून कुंचला एका जागीं पुनःपुनः फिरवूं नये. आमच्या चंदनसारीं पावसाळ्यांत हें काम टाळावें. दमट हवेनें पॉलिशवर पांढरी झांक येते.

जाड थर लवकर चमकतो, परंतु पानाफुलांच्या रेषा बुजवितो. कारागिराचे श्रम आपल्या घाईनें झांकले जाऊं नयेत, एवढेंच आम्ही विद्यार्थ्यांस व पालकांस सुचवितों.