डेबियनवर एक्सस्क्रीनसेव्हर बसवताना

आमच्या बाबांचा लॅपटॉप जुना आहे. त्यावर मी डेबियन घातलं, वर हलकाफुलका एक्सएफसीई डेस्कटॉप दिला आणि काम झालं असं समजून परतलो. आठवड्याने फोन आला, "पडद्यावर काहीतरी फिरणारं लाव रे, काळा पडला की बंद पडल्यासारखं वाटतं." मागणी साधीच. पण त्या फिरणाऱ्या चित्राच्या मागे कुलूप असतं, आणि खरी मेहनत त्या कुलपापायीच पडते.

म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी एक ठरवून घ्या: तुम्हाला चित्र हवंय, कुलूप हवंय की दोन्ही? पडदा वाचवणं हा मूळ हेतू आता जवळपास उरलेला नाही. काचेच्या नळीच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन् तास राहिलं की त्याचा डाग कायमचा उमटायचा, म्हणून चित्र हलतं ठेवत. साध्या एलसीडीला तो त्रास नाही. तिथे वीज वाचवायची तर पडदा सरळ बंद करावा. ओएलईडी असेल तर डागाची भीती अजून आहे, पण त्यालाही काळा पडदाच बरा.

दुसरा प्रश्न, तुमचा डेस्कटॉप कोणता? ग्नोमने 2011 साली तिसऱ्या आवृत्तीत चित्रं काढून टाकली, केडीईने प्लाझ्मा 5 मध्ये तेच केलं. या दोन्हींत कुलूप डेस्कटॉपबरोबरच येतं, पडदा काळा होतो, बस्स. तुम्ही वेलँड ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी प्रणाली वापरत असाल तर त्या कुलपावरच समाधान माना. तिथे कुलूप हे पडदा सांभाळणाऱ्या मुख्य प्रोग्रामचं काम असतं, बाहेरून आणून लावायचं नसतं. पुढची कृती एक्सएफसीई, एलएक्सडीई अशा एक्स११ या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी आहे.

एक्स११ ची गोम अशी, की तिथे कुलूप म्हणजे पूर्ण पडदा झाकून कीबोर्ड-माउस ताब्यात घेणारा एक साधा प्रोग्राम. तो कोसळला की खाली डेस्कटॉप उघडा. जानेवारी 2021 मध्ये लिनक्स मिंट वापरणाऱ्या एका पालकाने कळवलं, की माझी दोन मुलं खरा कीबोर्ड आणि पडद्यावरचा कीबोर्ड असे दोन्ही एकदम बडवत बसली आणि कुलूप उघडलं. दोष पडद्यावरच्या कीबोर्डाच्या लायब्ररीत होता. ती कोसळताना मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपच्या स्क्रीनसेव्हरलाही घेऊन पडली. कुलपात जितकं जास्त सामान, तितक्या फटी जास्त, हे जेमी झविन्स्की वर्षानुवर्षं सांगत आले होते. एक्सस्क्रीनसेव्हर त्यांचाच, 1992 पासूनचा. 2021 च्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी कुलूप, पासवर्डची चौकट आणि चित्रं ही तीन कामं वेगवेगळ्या प्रोग्रामांत तोडली. चित्र कोसळलं तरी कुलूप जागचं हलत नाही. माझी पसंती याच कारणासाठी. दोनशेहून जास्त चित्रं मिळतात, हा वरचा फायदा.

आता हात घालू. पहिलं काम काढण्याचं. एका पडद्याला दोन कुलूपवाले नकोत. डेबियनच्या आवृत्तीप्रमाणे लाइट-लॉकर किंवा एक्सएफसीईचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर आधीच बसलेला असेल. सिनॅप्टिक हा पॅकेज मॅनेजर उघडा, शोधा, काढा. हे टाळलंत तर कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा पासवर्ड विचारला जाईल आणि चूक कुणाची ते कळणार नाही.

मग बसवा. डेबियनने संच तुकड्यांत केला आहे: मूळ एक्सस्क्रीनसेव्हर, त्याच्या नावापुढे 'डेटा' आणि 'डेटा-एक्स्ट्रा' लागलेले दोन, 'जीएल' आणि 'जीएल-एक्स्ट्रा' लागलेले दोन. जीएलवाली चित्रं त्रिमितीय, ग्राफिक्सवर ताण देणारी. जुन्या मशीनवर पंखा घरघरू लागला की ती बंद करायची. 'बीएसओडी' नावाचं चित्र मात्र मुद्दाम वेगळ्या पॅकेजात ठेवलंय. ते नाना संगणकांच्या कोसळण्याच्या पडद्यांची हुबेहूब नक्कल करतं. ज्या घरात कुणी घाबरून थेट प्लग उपटेल, तिथे ते बसवू नका.

आपल्या नेहमीच्या लॉगिननेच सेटिंग्जची खिडकी उघडा. एक्सस्क्रीनसेव्हर रूट म्हणून चालवलात तर तो कुलूप लावायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे. मोडमध्ये रोज एकच चित्र हवं की आलटून पालटून, ते निवडा. त्याखाली तीन वेळा भराव्या लागतात. किती मिनिटांनी पडदा झाकायचा, किती मिनिटांनी चित्र बदलायचं, आणि झाकल्यावर किती वेळाने कुलूप लावायचं. तिसरीचा खूणचौकोन टिचकवल्याशिवाय कुलूप लागतच नाही. मी दहा, दहा आणि दोन ठेवलं. ती दोन मिनिटं फार उपयोगी: वाचता वाचता पडदा झाकला गेला तरी माउस हलवला की झालं, पासवर्ड नाही.

चित्रांच्या यादीत बसून एकेक बघा, घाई करू नका. बाबांना आवडलं ते 'एक्सॲनालॉगटीव्ही'. जुन्या टीव्हीला अँटेना नीट न लागल्यावर जे दिसायचं ते सगळं त्यात आहे: मुंग्या, तिरके पट्टे, एका चित्रावर दुसऱ्याची सावली. "अरे, गच्चीवर कोण चढलंय?" असं ते बघताक्षणी म्हणाले. 'वेबकोलाज' मात्र बंद ठेवा. ते इंटरनेटवरची कुठलीही चित्रं उचलून जोडतं, आणि ती कसली निघतील याचा नेम नाही.

यानंतर ॲडव्हान्स्ड टॅब. लोक इथे फिरकत नाहीत, पण सगळी गंमत आणि एक धोका इथेच आहे. धोका आधी. 'डेस्कटॉपचं चित्र घ्या' असा पर्याय चालू असेल, तर काही चित्रं तुमच्याच उघड्या पडद्याचा फोटो घेऊन तो वितळवतात, फिरवतात, फोडतात. म्हणजे कुलूप लागलेलं, आणि अर्धवट लिहिलेलं पत्र वर गरगरतंय. तो बंद करा. त्याऐवजी फोटोंचा फोल्डर दाखवा, 'जीएलस्लाइडशो' त्यातले फोटो हळूहळू सरकवत दाखवतं.

मजकूर दाखवणाऱ्या चित्रांना फाइल किंवा प्रोग्राम जोडता येतो. मी हौसेने बाबांच्या आवडत्या म्हणींची फाइल दिली आणि हसं करून घेतलं. 'फाँटग्लाइड' ज्या पद्धतीने अक्षरं काढतं तिला आपली जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, 'क्ष' चे तुकडे पाय मोडलेले फिरतात. यावर माझा तोडगा असा: म्हणी लिबरऑफिसमध्ये मोठ्या अक्षरांत टाइप करायच्या, प्रत्येक पान चित्र म्हणून साठवायचं आणि तो फोल्डर स्लाइडशोला द्यायचा.

पडदा पूर्ण बंद करण्याची वेळ याच टॅबमध्ये आहे. ती एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्येही असते. दोघांपैकी एकाचीच चालू ठेवा, मी पॉवर मॅनेजरची बंद केली.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला रात्री साडेनऊला फोन आला. बाबा इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतात. मराठी चालू असतानाच ते जेवायला उठले, पडद्याला कुलूप लागलं. परत येऊन त्यांनी पासवर्ड टाकला, तो देवनागरीत. के दाबली की 'क', जे दाबली की 'र'. दिसताना ठिपके ठिपकेच, त्यामुळे कळायला मार्ग नाही. चार वेळा चुकलं, पाचव्यांदा माझ्यावर चिडले. उपाय सोपा: कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी ठेवा, अदलाबदलीला ऑल्ट-शिफ्टसारखी एकच जोडी नेमा. ती जोडी कुलपाच्या पडद्यावरही चालते. बाबांच्या कीबोर्डवर मी चिठ्ठी चिकटवली: 'उघडत नाही? आधी ऑल्ट-शिफ्ट.'

त्यानेही नाही उघडलं तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर जा, तिथे लॉगिन करा आणि पीकिल या आज्ञेने एक्सस्क्रीनसेव्हर मारा. कंट्रोल-ऑल्ट-एफ७ ने परत आलात की डेस्कटॉप उघडा दिसेल. काही मशीनांवर एफ७ ऐवजी एफ१ किंवा एफ२ लागतं. काम झालं की त्या मजकुराच्या पडद्यावरून लॉगआउट करायला विसरू नका, नाहीतर याच वाटेने दुसरा कुणी येईल.

शेवटी चाचणी. सेशन अँड स्टार्टअपमध्ये एक्सस्क्रीनसेव्हर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत आहे ना, ते बघून मशीन नव्याने चालू करा. एक्सस्क्रीनसेव्हर-कमांडला लॉकचा पर्याय देऊन ती आज्ञा एखाद्या कळीला जोडा आणि कुलूप लावून बघा. मग झाकण मिटवा, मिनिटभर थांबा, उघडा. पासवर्डच्या आधी डेस्कटॉप क्षणभर तरी दिसला तर काहीतरी चुकलंय, बहुधा तो जुना कुलूपवाला अजून कुठेतरी चालू आहे. एखादा लांब व्हिडिओही दहा मिनिटांहून जास्त लावून ठेवा. मधेच मुंग्या आल्या, तर पॉवर मॅनेजरचा प्रेझेंटेशन मोड चालू करायला शिकवा. बाबांना तो शिकवायला माझी एक अख्खी दुपार गेली.